बाज्यातला बोळा

गवळ्यानं दूध घातलं की भुजंगराव आधी एक थेंब नखावर घेऊन ओघळू देतात. गॅसची टाकी आली की ती उचलून, हलवून, कानाशी लावून बघतात. मी अंगणवाडीतून लवकर आले तर "आज लवकर कशी?" आणि उशिरा आले तर "कोन भेटलं होतं?" म्हणजे मी कधीही आले तरी चौकशी ठरलेलीच. लग्न होऊन आले तेव्हा मला याचा राग यायचा. नंतर कळलं की हा माणूस माझ्यावर एकटीवर संशय घेत नाही, सगळ्या जगावर सारखाच घेतो, मग राग गेला आणि नुसती कटकट उरली.

घरात मी त्यांना नावानं हाक मारत नाही. पण लिहिताना सारखं 'हे' आणि 'ते' करत बसले तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल, म्हणून नाव लिहिते. हे कळलं तर विचारतील, "कोनासाठी लिहून राहिलीस?"

आम्ही उमरीचे. इथं अण्णारावांचा बँड आहे आणि भुजंगराव त्यात बास वाजवतात. बास म्हणजे बँडातलं सगळ्यात मोठं पितळी वाद्य. आमच्याकडं त्याला बडा बाजा म्हणतात. जाडजूड नळी अंगाभोवती वेटोळं घालून डाव्या खांद्यावर बसते आणि परातीएवढं तोंड डोक्यावरून पुढं बघत असतं. लग्नात सगळे फोटो ह्याच वाद्याचे काढतात, पण त्याचा आवाज कुणी ऐकत नाही. ऐकायचं म्हटलं तरी ऐकू येत नाही, कारण तो कानाला लागतच नाही. क्लॅरिनेट कुठं वाजतंय हे डोळे मिटून सांगता येतं. बास कुठून येतो हे सांगता येत नाही. तो जमिनीतून पायात चढतो आणि बरगड्यांखाली जाऊन बसतो. नाचणाऱ्याला वाटतं आपण ढोलावर नाचतोय. खरं तर त्याचा पाय उचलत असतो बास.

आमची मुलगी साक्षी विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला आहे. तिनं एकदा मोबाइलवर वाचून दाखवलं की फार पूर्वी फ्रान्सच्या चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या सुराला खालून आधार द्यायला एक लाकडी, कातडं मढवलेलं, सापासारखं वळणावळणाचं वाद्य असायचं आणि त्याचं नावही सापच होतं. पुढं तशी पितळेची वाद्यं आली, त्यांना बोटांनी दाबायचे खटके बसले, आणि पलटणीबरोबर चालताना वाजवता यावं म्हणून नळी अंगाभोवती गुंडाळली गेली. भुजंगाच्या गळ्यात सापाचा पणतू, म्हणून आम्ही मायलेकी पोट धरून हसलो. भुजंगराव हसले नाहीत. म्हणाले, "हे लिवनाऱ्याला कोनी सांगितलं? तो होता का तिथं?"

त्यांचा विश्वास फक्त एका गोष्टीवर, ती म्हणजे माझ्या सासऱ्यांनी सांगितलेली. सासरे इफोनियम वाजवायचे. तो बासाचा धाकटा भाऊ, लेकरू छातीशी धरावं तसा धरून वाजवायचा. निजामाच्या पलटणी मोडल्या तेव्हा त्यांच्या बँडातला एक वाजवणारा नांदेडला येऊन राहिला होता. त्या उस्तादानं सासऱ्यांना शिकवलं. आमच्या समाजातल्या पोराला समोर बसवून, आपला माउथपीस, म्हणजे ओठाला लावायचा वाटीसारखा पितळी तुकडा, पुसून त्याच्या हातात दिला, हे सांगताना सासऱ्यांचा आवाज म्हातारपणीही भरून यायचा. उस्तादाची रीत अशी होती की पहिले कितीतरी महिने वाद्य द्यायचंच नाही. नुसता माउथपीस ओठाला लावून फुंकायचं. ओठ मिटून मधून हवा काढायची, म्हैस नाक फुरफुरवते तसा आवाज यायला पाहिजे. वरचा सूर ओठ आवळून निघतो आणि खालचा ओठ सैल सोडून. सैल सोडायचे, पण सांडू द्यायचे नाहीत. हे सासऱ्यांनी भुजंगरावांना शिकवलं आणि भुजंगरावांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की मीही आता कुणाला शिकवू शकेन.

आपल्या बाज्याचा माउथपीस ते सदैव शर्टाच्या खिशात ठेवतात. बाजा बँडाच्या दुकानात राहतो, तो अण्णारावांच्या मालकीचा. पण माउथपीस आपला, आणि तो दुसऱ्या कुणाच्या ओठाला लागला की काय हे बघायला ते रोज त्याचा वास घेतात.

आता बँडातली एक गोष्ट सांगते, ती सगळ्यांना माहीत असून कुणी बोलत नाही. लग्नाला बँड ठरवताना लोक माणसं मोजतात. जास्त माणसं म्हणजे थाट मोठा. पण तेवढे वाजवणारे आणायचे कुठून? म्हणून प्रत्येक बँडात काही जण नुसते उभे राहणारे असतात. त्यांना डमी म्हणतात. ड्रेस तोच, टोपी तीच, हातात वाद्यही खरंच. फक्त ते वाजवत नाहीत. चुकून फुंकर गेली आणि भलत्या ठिकाणी भोंगा वाजला तर पंचाईत, म्हणून त्यांच्या वाद्याच्या नळीत कापडाचा बोळा घालून ठेवतात. फुंकर आत जाते आणि आतच मरते.

हे बोळे घालायचं काम भुजंगरावांचं. दुसऱ्या कुणावर त्यांचा भरवसा नाही. लग्नसराई सुरू व्हायच्या आधी ते माझ्याकडून जुनं कापड नेतात, एकेका वाद्याची मान, म्हणजे माउथपीस बसतो ती वरची सुटी नळी, काढून आत बोळा दाबतात आणि स्वतः फुंकून बघतात. एवढ्यावरही त्यांचं समाधान नाही. पाहुण्यांत एखादा जाणकार असला आणि त्यानं बोटांकडं पाहिलं तर? म्हणून त्यांनी सगळ्या डमींना खटके शिकवले. कुठल्या ओळीला कुठलं बोट, कधी दाबायचं, कधी सोडायचं. वाजत काहीच नाही, पण बोटं अगदी बरोबर. नागप्पाला तर त्यांनी रडकुंडीला आणलं होतं.

नागप्पा देगलूरकडचा. ताडमाड उंच, मिशा अशा की फोटोवाले आधी त्याच्याकडं धावतात. त्याच्या खांद्यावर दुसरा बडा बाजा असतो, बोळा घातलेला. वर्षानुवर्षं तो भुजंगरावांच्या उजव्या हाताला चालत आला आहे. बोलायला गरीब. भुजंगरावांना मामा म्हणतो, मला अक्का.

गेल्या लग्नसराईत लातूरला एक वरात होती. नाचणारी पोरं मागं सरकत सरकत बँडात घुसली आणि त्यातल्या एकाचं डोकं बाज्यावर आदळलं. भुजंगराव तेव्हा वाजवत होते. माउथपीस पितळेचा. तो थेट दातांवर बसला. वरचे पुढचे दोन दात तिथंच गेले आणि शेजारचे हलायला लागले, तेही पुढं काढावे लागले. ते घरी आले तेव्हा तोंडाला दस्ती बांधलेली होती आणि ती रक्तानं माखली होती. मी विचारलं, "दुखतंय का?" ते म्हणाले, "तो पोरगा कोनाचा होता, बघावं लागतं. मुद्दाम ढकलला."

पितळी वाद्य वाजवणाऱ्याचे पुढचे दात गेले म्हणजे काय झालं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. ओठ टिकतो तो मागच्या दातांच्या आधारावर. पावसाळ्यात नांदेडला जाऊन कवळी बसवून घेतली. घरी माउथपीस लावून बघितला तर कवळी सरकायची आणि ओठातून हवा फसफसायची. ते मोरीत जाऊन, दार लावून फुंकायचे. मी बाहेर भाकऱ्या थापता थापता ऐकायचे आणि मला भाकरी नीट थापता यायची नाही. बास गेला तर ह्या माणसाचं काय होणार, हा एकच विचार डोक्यात असायचा. शेत नाही, दुसरं काही येत नाही, आणि कुणाच्या हाताखाली काम करण्याचा स्वभाव तर मुळीच नाही. कवळीची गोष्ट अण्णारावांना कळू द्यायची नाही, अशी मला सक्त ताकीद होती. अण्णारावांना ती पहिल्याच दिवशी कळली असणार. बोलताना 'स' म्हटलं की शिट्टी वाजायची.

दिवाळीनंतर लग्नं सुरू झाली. पहिल्या वरातीहून ते घरी आले आणि मी त्यांच्याकडं बघतच राहिले. चेहरा फुलला होता. म्हणाले, "सुमन, पहिल्यापेक्षा भारी वाजून राहिलाय. फुंकायला जड जातंय, कवळीमुळं असल. पन आवाज बघ! हितं लागतो," आणि बरगडीवर हात ठेवला. मला इतकं बरं वाटलं की मी गोड केलं. त्यांनी साखर कुठल्या दुकानातली ते विचारलं आणि खाल्लं.

असे काही आठवडे सुखाचे गेले. मग एका वरातीत फटाक्यांचा धूर नाकातोंडात गेला आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. ओठ बाज्यावरून सुटले. आणि बास चालूच होता.

त्यांना आधी वाटलं की भिंतीवरून घुमत असेल. पुढच्या लग्नात त्यांनी मुद्दाम दुसऱ्या ओळीला ओठ उचलले. बास चालूच. तिसऱ्या लग्नात कडवंभर गप्प राहिले. बास चालूच, आणि अगदी बरोबर, जिथं सूर खाली उतरायचा तिथं उतरत होता.

घरी येऊन त्यांनी दार लावलं, माझ्याकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "नागप्पा वाजवून राहिला."

"कसा वाजवील? बोळा तुम्हीच घातलाय की."

"काढला आसंल. चोरून."

त्यांना तो बोळा जाऊन बघायचा होता. पण बँडाच्या दुकानात अण्णाराव असतात, समोर कसं बघणार? मग त्यांनी शोध सुरू केला. नागप्पाच्या ओठावर माउथपीसचा वळ आहे का. नागप्पा वाजवताना मान ताठ होते का. नागप्पा पाणी किती पितो. मला म्हणाले, "तुला कळत न्हाई. बँडाला बास एकच लागतो. दोघं वाजवून राहिले तर एक जन जास्तीचा हाय. कोन जास्तीचा? ज्याच्या तोंडात कवळी हाय तो. हे पोरगं माझी जागा खाऊन राहिलंय."

मी म्हटलं, "अहो, पण तुमचा आवाज चांगला येतोय ना? मग तो वाजवेना का. दोघं वाजवा."

यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू नागप्पानं मला फितवलंय. संशयी माणसाचं हेच वाईट. तो दूध तपासतो, टाकी तपासतो, बायको तपासतो. सगळ्या गावाच्या खिशात हात घालून बघतो, आपल्या खिशात मात्र कधी घालत नाही.

त्यात एका सकाळी नागप्पा पेरू घेऊन घरी आला. पायरीवरच बसला. "अक्का, आमच्या गावाकडचं हाय, लई गोड. मामाचं दात आता कसं हाय? दुखतंय काय?"

भुजंगराव आतून बाहेर आले. "तुला माझ्या दाताचं काय पडलंय?"

"काय न्हाई मामा. असंच इचारलो."

"असंच कोनी इचारत नसतंय."

नागप्पा खाली मान घालून बसला. काहीतरी बोलायचं होतं त्याला. चहा न घेताच उठला. त्यानं गल्ली ओलांडायच्या आत भुजंगराव एकेक पेरू उजेडात धरून बघत होते, जणू नागप्पानं त्यातही काही घालून आणलं असावं. मला तेव्हाच वाटलं की हा पोरगा काहीतरी लपवतोय. म्हणजे संशय मलाही आला होता, एवढं कबूल करते. घरात राहून लागतोच.

फेब्रुवारीत माझ्या भावाच्या मुलीचं, धम्मप्रियाचं लग्न निघालं. भाऊ आनंदराज हिमायतनगरला शिक्षक आहे. त्यानं बँड अण्णारावांचाच ठरवला, दाजी वाजवतात म्हणून. भुजंगरावांनी त्या लग्नाची तयारी वेगळी केली. माझ्या टोपलीतून एक जुनं फडकं उचललं, फाडलं, त्याचा घट्ट बोळा केला आणि खिशात टाकला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"तुझ्या माहेरी सगळ्यांसमोर दाखवतो, बास कोन वाजवतंय ते."

"लग्न माझ्या भाचीचं आहे. तमाशा नको."

"तमाशा कशाचा? त्याचा आवाज बंद, माझा चालू. कोनाला कळनार बी न्हाई. फक्त त्याला कळंल. अन् अण्णारावला."

हिमायतनगरला दुपारी नवरदेवाची मिरवणूक विहारापासून मांडवापर्यंत निघायची होती. गल्ली अरुंद, म्हणून गाणाऱ्याची स्पीकरची गाडी मोठ्या रस्त्यावरच ठेवली. गल्लीत फक्त पितळ आणि ढोल. वाजवणारे विहाराच्या मागं सावलीत चहा पीत होते आणि वाद्यं भिंतीला टेकवून ठेवली होती. मी पाहुण्या बायकांना पाणी देत होते. माझं लक्ष होतं. भुजंगराव बिडी प्यायला म्हणून गेले, नागप्पाच्या बाज्याशी वाकले, त्याची मान काढली, खिशातलं काढून आत दाबलं आणि मान परत बसवली. आत आधीचा बोळा नव्हता हे त्यांच्या तोंडावरूनच कळलं. म्हणजे त्यांचा संशय खरा होता. परत आले तेव्हा डोळ्यांत अशी चमक होती की मला भीतीच वाटली.

मिरवणूक सुरू झाली. अण्णारावांनी क्लॅरिनेट उचललं, ढोल पडला, कॉर्नेट लागले.

आणि बास नव्हता.

नुसतं वर वर काहीतरी वाजत होतं, पत्र्यावर वाळूचे खडे पडावेत तसं. ढोलवाल्याची लय डगमगली. नाचायला पुढं आलेल्या बायकांचे पाय दोन-चारदा उचलले आणि थांबले. त्यांना कळत नव्हतं काय झालं, त्या एकमेकींच्या तोंडाकडं बघून हसायला लागल्या. आनंदराज माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ताई, बँडाला काय झालं गं? बेचव लागायला."

मी भुजंगरावांकडं बघत होते. ते वाजवत होते. गाल भरलेले, मानेच्या शिरा तटतटलेल्या, बोटं खटक्यांवर अगदी जागच्या जागी. पूर्ण ताकदीनं वाजवत होते आणि त्यांच्या बाज्यातून काहीच बाहेर येत नव्हतं. शेजारी नागप्पा डोळे वटारून फुंकत होता आणि घाबरून अण्णारावांकडं बघत होता. अण्णारावांनी वाजवता वाजवता मान वळवली. त्यांनी नागप्पाकडं नाही बघितलं. भुजंगरावांकडं बघितलं, आणि लगेच नजर खाली घातली.

त्या नजरेनं भुजंगरावांना कळलं.

त्यांनी ओठ बाज्यावरून काढले. थोडं ऐकलं. मग चालता चालता बाज्याची मान ओढून काढली आणि नळीत बोट घातलं. कापडाचं टोक हाताला लागलं ते त्यांनी थोडं बाहेर ओढलं. लाल चौकड्याचं होतं. अण्णाराव घाम पुसायला गळ्यात घालतात त्या दस्तीचं. सगळी लग्नसराई ते ह्या कापडावर फुंकत आले होते, फुंकायला जड जातंय म्हणून कवळीला दोष देत आले होते, आणि बरगडीत लागणारा सूर आपला समजत आले होते. तो नागप्पाचा होता.

मला वाटलं, आता हा माणूस बाजा खाली टाकणार. माझ्या माहेरच्या गल्लीत, सगळ्या पाहुण्यांसमोर. मी पदर खोचून पुढं निघाले सुद्धा.

त्यांनी ते टोक परत आत ढकललं. मान बसवली. मग नागप्पाकडं वळले, त्याच्या बाज्याची मान काढली आणि आतला बोळा उपसून बाहेर फेकला.

"वाजव," ते म्हणाले.

नागप्पाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. "मामा, तुमच्यासमोर मला न्हाई जमनार. मी न्हाई म्हनलो होतो मालकाला. तुमची शपथ."

"इतके दिवस कोनासमोर वाजवला? वाजव. पाव्हने बघून राहिलेत."

नागप्पानं ओठ लावले. पहिला सूर कापरा आला. मग जमिनीतून तो ओळखीचा आवाज चढला, ढोल जागेवर आला, बायका नाचायला लागल्या आणि आनंदराजच्या तोंडावर हसू आलं. भुजंगराव त्याच्या शेजारी चालू लागले. गाल भरलेले, बोटं बरोबर. मांडवापर्यंत तसेच चालले. गल्लीतल्या एकाही माणसाला काही कळलं नाही. मला मात्र समोरचं दिसेनासं झालं होतं, आणि नवरदेवावर टाकायची फुलं माझ्या हातातच कोमेजली.

त्रिशरण, पंचशील झालं, हार घातले, जेवणं सुरू झाली. मी अण्णारावांना मांडवाच्या मागं गाठलं. मला बोलायचं होतं ते सगळं बोलले. म्हटलं, "तुम्ही ह्या माणसाबरोबर अर्धं आयुष्य वाजवलंत. त्याच्या तोंडात बोळा कोंबताना हात कसा चालला? विचारायचं तरी!"

अण्णाराव हातातलं ताट तसंच धरून उभे होते. म्हणाले, "वहिनी, पावसाळ्यानंतर त्यांनी पहिल्यांदा दुकानात बास वाजवला तेव्हा फाटक्या भोंग्यासारखा आला. त्यांना कळला नाही. फुंकणाऱ्याला हाडातून वेगळंच ऐकू येतं. नागप्पाला सूर कुठून आला म्हणता? त्यांनीच बोटं शिकवलेली. फुंकायला मी शिकवलं. आता तुम्हीच सांगा, काय करायला पाहिजे होतं? घरी बसा म्हणून सांगू?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून जास्तच राग आला. मी तिथून निघून गेले आणि पंगतीत वाढायला लागले. भुजंगराव नागप्पाच्या शेजारी जेवायला बसले होते. नागप्पाच्या पानात भात उरला तेव्हा ते म्हणाले, "खा. बास वाजवनाऱ्यानं उपाशी राहू नये." आणि मग, "तिसऱ्या कडव्याला श्वास आधी घे. सूर अर्ध्यात तुटून राहिला."

परत येताना जीपमध्ये ते खिडकीशी बसले. भोकरच्या पुढं आल्यावर त्यांनी विचारलं, "तुला माहीत होतं का?"

"नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

मी वाट बघत होते. कधीपासून? कोणी सांगितलं? मग पेरू कशाला आणले होते? यातलं काहीही विचारलं असतं तर चाललं असतं. ते "हाव, बरं" म्हणाले आणि बाहेर बघत राहिले. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या उत्तरावर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही असं पहिल्यांदाच झालं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

घरी आल्यावर ते काही दिवस दुकानाकडं फिरकले नाहीत. अण्णारावांचे निरोप आले. नागप्पा गल्लीच्या तोंडाशी येऊन दोनदा परत गेला. बास गेला, आता माणूसही जातो की काय, असं मला वाटायला लागलं. त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं होतं आणि गवळ्याचं दूध कसंही आलं तरी घेत होते.

मग एका सकाळी आंघोळ करून, बँडाची पँट चढवून ते माझ्यापुढं उभे राहिले. नांदेडला लग्न होतं त्या दिवशी.

"एक फडकं दे. सुती. धुतलेलं."

"कशाला?"

ते दाराबाहेर कुणी ऐकत नाही ना हे बघून आले आणि म्हणाले, "अण्णारावनं घातलेला बोळा ढिला हाय. बोळा कसा घालायचा त्याला काय कळतंय? फुंकलं की बाजूनं हवा सटकते. एखाद्या दिवशी मधीच भोंगा वाजला तर? नागप्पाचं वाजवनं बिघडंल."

मी पेटीतून माझ्या जुन्या पांढऱ्या लुगड्याचा पदर काढला आणि फाडला. फाडताना मला रडू आवरलं नाही. त्यांनी कापड हातात घेऊन ताणून बघितलं, वास घेतला.

"हे साबनाचं धुतलंय का नुसतं पान्यातलं?"

"साबणाचं," मी म्हटलं.

"कोनत्या?"

मी साबणाचं नाव सांगितलं. त्यांनी कापडाची घडी करून माउथपीसशेजारी खिशात ठेवली आणि दुकानाकडं निघाले.